पदवीची दुसरी बाजू

(आपल्या १९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात, वाणिज्य व व्यवस्थापन शाखेची पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या पाच जणांच्या सत्काराच्या वेळी केलेलं भाषण. वर्गमित्रांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बत्तीस वर्षं कॉलेजात अकाउंट्स शिकवलं, त्यामुळे बेल झाल्याशिवाय थांबायची सवय नाही. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. वेळ झाली की टेबलावर डस्टर आपटा, जसं पूर्वी आपटायचात. मी लगेच खाली बसेन.

आज आपण पाच जणांचं कौतुक करतो आहोत. त्यातली चार आपल्या वर्गमित्रांची मुलं. एकीने पुण्यातून वित्त विषयात एमबीए केलं. एकाने एम.कॉम. केलं. एकाने शेतमालाच्या व्यवसायाचं व्यवस्थापन शिकून घेतलं आणि तो गावी परत आला. एक मुलगी अमेरिकेतून एमबीए झाली; ती आज इथे नाही, तिच्या आईच्या हाती आपण मानपत्र देणार आहोत. आणि पाचवी सत्कारमूर्ती? ती आपल्याच बाकावरची. नववी-दहावीत माझ्या शेजारी बसणारी, आणि आज वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून एमबीए झालेली. हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, म्हणजे आपण दहावी झाल्यावर चार वर्षांनी. ज्यांचं शिक्षण घर, नोकरी, लग्न, आजारपण यांत अडकून राहिलं, त्यांच्यासाठी हे दार उघडलं होतं. आपल्या मैत्रिणीला त्या दारापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला इतकंच.

कॉलेजात असताना पदवीदान समारंभाच्या समितीवर मी बरीच वर्षं काम केलं. नावं वाचायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं, कारण आवाज खणखणीत. तो गुण कुठून आला ते इथे प्रार्थनेला माझ्या पुढे उभं राहणाऱ्यांना विचारा. त्या समारंभाचा थाट तुम्हाला माहीत आहे. भाड्याचा गाऊन, त्याचं डिपॉझिट, गाऊन आखूड झाला म्हणून ओढाताण, फोटोवाल्याची घाई, आणि मागच्या रांगेत कडेवर नातवंड घेऊन उभे असलेले आजी-आजोबा. मंचावर एका विद्यार्थ्याच्या वाट्याला पाच-सात सेकंद येतात. तेवढ्यासाठी एखादं कुटुंब पहाटे चारच्या एसटीने निघालेलं असतं.

या समारंभाला किती वेगवेगळी नावं आहेत बघा. आपण 'पदवीदान' म्हणतो. हल्ली काही विद्यापीठं 'पदवीप्रदान' म्हणतात, आणि ते मला पटतं, कारण मेहनतीने मिळवलेल्या गोष्टीला दान म्हणू नये. दुसरा शब्द 'दीक्षान्त', म्हणजे दीक्षेचा शेवट. अमेरिकेत याच समारंभाला 'कमेन्समेंट' म्हणतात, त्याचा अर्थ आरंभ. एका शब्दात शेवट, दुसऱ्यात सुरुवात. पण आपल्याकडचा सर्वांत जुना शब्द या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तो आहे 'समावर्तन'. गुरुगृही शिक्षण पुरं झालं की विद्यार्थ्याला विधिपूर्वक स्नान घालत, म्हणून तो 'स्नातक', आणि मग तो घरी परतायचा. समावर्तन म्हणजे परत येणं. शिकलास, आता घरी जा, लोकांत जा, तुझी तिथे गरज आहे, असा त्या संस्काराचा अर्थ. आज आपण चाळीस वर्षांनी या आवारात परत आलो आहोत, त्यामुळे हा शब्द आपल्यालाही लागू पडतो.

अमेरिकेतल्या आपल्या लेकीने तिच्या समारंभाचे फोटो पाठवले. तिच्या आईने मला फोन करून विचारलं, "अगं, बाकीच्या मुलांच्या गळ्यात निळे, पिवळे, हिरवे रंग, आणि आमच्या पोरीच्या त्या पट्ट्याला असा मातकट काठ का? स्वस्तातला घेतला की काय?" मी हसले, पण तिचा प्रश्न चांगला होता. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी १८९५ साली पदवीच्या पोशाखाचे नियम ठरवले. त्यात प्रत्येक विद्याशाखेला एक रंग आहे. वैद्यकाला हिरवा, विज्ञानाला सोनेरी पिवळा, आणि व्यापार, हिशेब, व्यवसाय व्यवस्थापन यांना हा भुरा-मातकट. खांद्यावरून पाठीवर सोडायच्या त्या वस्त्राच्या मखमली काठाचा रंग पाहून पदवी कोणत्या शाखेची ते कळतं. तो रंग व्यवसायालाच का मिळाला, ते सोडून देऊ. पण मला तो आवडला. आपल्या बाजारपेठेत धान्याची पोती लागायची, त्या गोणपाटाचा रंग तोच. व्यापार शिकणाऱ्याच्या अंगावर तो रंग शोभून दिसतो.

आता या विद्येचा थोडा इतिहास सांगते. मुलांनो, तुमच्यासाठी सांगते, कारण पदवी मिळाली तरी ती कुठून आली हे आम्ही वर्गात फारसं सांगत नाही.

व्यापार हा विद्यापीठात शिकवायचा विषय आहे, हे जगाला फार उशिरा पटलं. जोसेफ व्हॉर्टन या लोखंड-निकेलच्या धंद्यातल्या उद्योजकाने पैसे दिले आणि १८८१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्यापारशिक्षणाची शाळा निघाली. आज ज्याला आपण एमबीए म्हणतो तो अभ्यासक्रम हार्वर्डमध्ये १९०८ साली सुरू झाला. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९१३ साली, मुंबईत सिडनहॅम कॉलेज उभं राहिलं. आशियातलं ते पहिलं वाणिज्य महाविद्यालय मानलं जातं. १९१८ साली त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला एक तरुण प्राध्यापक आले, त्यांचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालचं. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद इथे आयआयएम निघाल्या, आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था.

आयआयएमबद्दल एक गंमत सांगते. ज्या संस्थांच्या नावाने आईबाप स्वप्नं बघतात, त्यांच्या प्रमाणपत्रावर पन्नास वर्षांहून अधिक काळ 'पदवी' हा शब्दच नव्हता. त्या सोसायटी म्हणून नोंदलेल्या, विद्यापीठ नसलेल्या संस्था असल्याने कायद्याने त्यांना पदवी देता येत नव्हती. त्या पदव्युत्तर पदविका देत. त्यासाठी संसदेने २०१७ साली कायदा केला, तो जानेवारी २०१८ अखेर लागू झाला, आणि मग तिथे एमबीए ही पदवी मिळू लागली. आधीच्या पदविकावाल्यांचं यात काही अडलं नाही. तेव्हा कागदावर कोणता शब्द छापला आहे त्याची फार चिंता करू नका.

मात्र आमच्या विषयातला एक नियम मला आज इथे सांगायचाच आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या धर्मोपदेशकाने गणिताचा एक मोठा ग्रंथ छापला. व्यापारी ज्या द्विनोंदी पद्धतीने हिशेब ठेवत होते, ती त्याने त्यात समजावून सांगितली. त्या पद्धतीचं सार असं, की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिली तर ताळा जमत नाही. अकरावीच्या पहिल्या महिन्यात आम्ही मुलांकडून घोकून घेतो, घेणाऱ्याचं खाते नावे, देणाऱ्याचं खाते जमा.

आता आजचा व्यवहार कीर्दीत लिहून बघू. पदवी कोणी घेतली? या पाच जणांनी. म्हणजे नियमाप्रमाणे यांची खाती नावे बाजूला. टाळ्या ज्यांना मिळणार, ते हिशेबात देणेकरी! मग जमा बाजूला कोण? तिथे यादी मोठी आहे. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेच्या दिवसांत घरचा स्वयंपाक हातात घेणारे आपल्या मैत्रिणीचे यजमान आहेत. मुलाच्या दोन वर्षांच्या वसतिगृहासाठी म्हशी विकणारे वडील आहेत. एका आईच्या पाटल्या आहेत, ज्या अजून बँकेतून सुटून आलेल्या नाहीत. कर भरणारा आणि विद्यापीठाचं नावही न ऐकलेला माणूस आहे. आणि या शाळेतल्या आपल्या बाई आहेत. पावकी-निमकी पाठ नसली की मधल्या सुट्टीत बसवून घेणाऱ्या. बाई, तुम्ही आज इथे आहात, म्हणून हे मोठ्याने सांगते. आमच्या ताळेबंदात तुमचं नाव जमा बाजूला अगदी वरच्या ओळीत आहे.

व्यवसायशिक्षणाचा पहिला धडा आपण याच शाळेत घेतला होता, हे आठवतं का? संचयिका! दर आठवड्याला चार आणे, आठ आणे आणायचे, छोट्या पासबुकात नोंद करायची, आणि वर्गातलेच दोघं कॅशियर व लेखनिक. पेटीतली रक्कम आणि वहीतली बेरीज जमली नाही तर घरी जाता यायचं नाही. मला आठवतं, एकदा दहा पैसे जास्त निघाले. कमी निघाले असते तर भरून टाकले असते, पण जास्त निघाल्यावर सरांनी आम्हाला तासभर बसवून ते कोणाचे ते शोधायला लावलं. "जास्त निघाले म्हणजे कोणाच्या तरी पुस्तकात कमी लिहिले आहेत," असं ते म्हणाले. पुढे आयुष्यभर मी लेखापरीक्षण शिकवलं, पण त्या विषयाची याहून सोपी व्याख्या मला सापडली नाही.

हे मी का सांगते आहे? कारण दुसऱ्याचा पैसा सांभाळणं ही या पदवीमागची खरी जोखीम आहे. डॉक्टर चुकला तर एका घरात रडारड होते. हिशेबाचा माणूस फिरला तर सबंध गाव बसतं. आपल्या भागातली एक पतसंस्था काही वर्षांपूर्वी बंद पडली. तिचं नाव घेत नाही, आणि घेण्याची गरजही नाही. या सभागृहातल्या दोन-तीन घरांनी त्याची झळ सोसली आहे. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, उसाच्या बिलातून बाजूला काढलेले पैसे, सगळे अडकले. तिथे बसलेली माणसं अडाणी नव्हती. त्यांना ताळेबंद वाचता येत होता, थकबाकी म्हणजे काय हे कळत होतं, आणि कोणतं कर्ज परत येणार नाही हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते ठेवीदारांना. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. ही एक ओळ किती जणांना ठाऊक होती? गावात पदवीधर होते, पण ती ओळ कोणी पारावर येऊन सांगितली नाही.

आपली बाकावरची मैत्रीण दुसऱ्या एका पतसंस्थेत पंचवीस वर्षं नोकरी करते आहे. तिला मी विचारलं, आता निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना एमबीए कशाला? ती म्हणाली, "संचालकांच्या बैठकीत मी 'हे कर्ज देऊ नका' म्हणायचे, तर सगळे म्हणायचे, बाई, तुम्ही नोंदी करा. आता मी आकडे मांडून म्हणते. ऐकतीलच असं नाही, पण इतिवृत्तात लिहून घ्यावं लागतं." पदवीचा इतका नेमका उपयोग मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. तिच्यामुळे किती घरांची पुंजी वाचली असेल ते कधी कोणाला कळणार नाही, कारण जे नुकसान झालंच नाही ते कुठल्या वहीत लिहिलं जात नाही. म्हणून आज तिचं कौतुक करायचं.

२००८ साली अमेरिकेतल्या मोठमोठ्या वित्तसंस्था कोसळल्या आणि जगभर माणसांची घरं-नोकऱ्या गेल्या. त्यानंतर २००९ साली हार्वर्डमधून बाहेर पडणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी स्वतःहून एक शपथ तयार केली. प्रामाणिकपणे काम करू, स्वतःच्या स्वार्थासाठी संस्थेचं आणि समाजाचं नुकसान करणार नाही, अशा आशयाची. वैद्यकाला जशी शपथ असते तशी व्यवस्थापनाला असावी असा त्यांचा विचार. शपथ घेऊन माणूस सुधारतो का, यावर तिथेही वाद झाला. मला एवढंच वाटतं, की त्या पोरांना निदान प्रश्न तरी पडला. आणि संचयिकेच्या दहा पैशांवर तासभर बसलेल्यांना वेगळी शपथ लागू नये.

आता एक नाजूक गोष्ट. ज्याची आहे त्याची परवानगी घेऊन बोलते आहे. या पाचांपैकी एकाचा परवा मला फोन आला. "मावशी, मी आलो नाही तर चालेल का? सगळे एकच प्रश्न विचारणार." तो एकच प्रश्न कोणता, हे तुम्हाला सांगायला नको. पॅकेज किती? त्याला अजून मनासारखं काम मिळालेलं नाही. कोण, ते मी सांगणार नाही, आणि आपण शोधायचंही नाही. मी त्याला म्हटलं, तू ये, त्या प्रश्नाचं मी बघते.

तर मित्रांनो, आता मी बघते. आज जेवणाच्या पंगतीत या मुलांना पगार विचारायचा नाही. ही विनंती नाही, वर्ग मॉनिटरचा हुकूम आहे, आणि मी अजून मॉनिटर आहे, कारण मला कोणी काढलेलं नाही.

हसून सोडण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून जरा उलगडून सांगते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. शिकत असताना व्याज मात्र चढत असतं. विद्यापीठाचा पदवी समारंभही अनेकदा निकालानंतर कित्येक महिन्यांनी होतो. म्हणजे कितीतरी घरांत गाऊनमधला फोटो आणि बँकेचा पहिला हप्ता एकाच सुमारास येतात. फोटो आपण व्हॉट्सअॅपवर पाहतो, हप्ता पाहत नाही. त्या मुलाला रात्री झोप का लागत नाही, हे 'पॅकेज किती' विचारणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी विचारा, "काय शिकलास? मला माझ्या दुकानात त्याचा काय उपयोग?" त्याला उत्तर देताना मुलाची मान वर होते. मी वर्गात हे पाहिलेलं आहे.

आणि उपयोग खरंच असतो. आपल्या वर्गातल्या किराणा दुकानवाल्या मित्राने परवा गमतीने म्हटलं, "आमचे वडील चौथी शिकलेले, त्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं. तुमच्या एमबीएवाल्यांना उधारी वसूल करता येते का?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर म्हणून एक जोडी सांगते. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. विठ्ठलराव विखे पाटील लोणीचे शेतकरी, शाळेत फार न गेलेले. या दोघांनी मिळून प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या सुमारास तिथे साखर निघू लागली. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचा विश्वास जमवला, गाडगीळांनी त्या विश्वासाला नियम, भागभांडवल आणि हिशेब दिला. दोघांपैकी एक नसता तर कारखाना झाला नसता. साताऱ्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला गाडगीळांचंच नाव आहे, आपल्यातले चार-पाच जण तिथूनच बी.कॉम. झाले. तेव्हा पदवी आणि दुकान यांचं भांडण लावू नका. त्यांची सोयरीक जुळवा.

दुसरं उदाहरण बायकांचं. १९५९ साली गिरगावातल्या सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. त्या सातजणींत एमबीए कोणी नव्हती. पण दर्जा रोज सारखा ठेवायचा, हिशेब रोजचा रोज करायचा, आणि काम करणारी प्रत्येक जण मालक, ही तत्त्वं त्यांनी पाळली. आमच्या पुस्तकांत हीच तत्त्वं जाड शब्दांत येतात.

शेतमालाचं शिकून परतलेल्या आपल्या मुलाकडे पाहताना मला हेच आठवतं. २००२ साली कंपनी कायद्यात बदल होऊन शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. किमान दहा उत्पादक एकत्र आले की पुरे. आपला हा मुलगा अशा एका कंपनीच्या कामात आहे. आल्याचा भाव पडला तर साठवायचं कुठे, सुकवून विकायचं का, माल पाठवला तर पैसे किती दिवसांत येतील, हे तो गावच्या शेतकऱ्यांना कागदावर मांडून दाखवतो. त्याला समावर्तन हा शब्द माहीत नसेल. तो ते जगतो आहे. पण म्हणून जे पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात राहिले ते कमी, असं मी मुळीच म्हणत नाही. परत येणं म्हणजे मुक्कामाला परत येणंच असं नाही. आज सकाळी अमेरिकेतल्या मुलीने आपल्या दहावीच्या मुलांसाठी ऑनलाइन तास घ्यायची तयारी कळवली आहे. वेळ तिथे रात्रीची असेल. तेही परतणंच आहे.

एका मागे वळून पाहण्यासारख्या माणसाचं नाव घेते आणि संपवण्याकडे येते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. तीस वर्षांनी, १८९२ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. दुसऱ्या देशांत तयार झालेले नियम आपल्या देशाच्या परिस्थितीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आपण आपली परिस्थिती अभ्यासली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. मुलांनो, तुमच्या केस स्टडीत परदेशी कंपन्या पुष्कळ असतील. त्या जरूर वाचा. पण एक केस आपल्या बाजारपेठेची, एक आपल्या बंद पडलेल्या पतसंस्थेची आणि एक आपल्या आठवडी बाजाराची स्वतः लिहा. ते काम तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.

आता आपल्या तुकडीसाठी दोन प्रस्ताव मांडते. दोन्हींवर दुपारच्या सभेत चर्चा व्हावी.

पहिला प्रस्ताव निधीचा. आपल्या शाळेतून पुढे गेलेल्या मुलांचं पदव्युत्तर शिक्षण बऱ्याचदा फीपर्यंत पोचण्याआधीच अडतं. प्रवेश परीक्षांचे अर्ज, पुण्या-मुंबईला मुलाखतीला जाण्याचा खर्च, एक बरा शर्ट, चार रात्री राहण्याची सोय, यांतच धीर सुटतो. दरवर्षी दोन मुलांचा एवढा खर्च आपण उचलू या. मोठी रक्कम लागत नाही. त्याचा हिशेब आपली एमबीए झालेली मैत्रीण ठेवेल, तपासणी एम.कॉम. झालेला मुलगा करेल, आणि तो दरवर्षी शाळेच्या फलकावर लागेल. दहा पैसे जास्त निघाले तर कोणाचे ते शोधलं जाईल.

दुसरा प्रस्ताव वेळेचा. आपल्यातले जे बँकेत होते, करसल्लागार आहेत, दुकानदार आहेत, त्यांनी वर्षातून दोन रविवार शाळेत बसावं. गावातल्या कोणालाही ठेव कुठे ठेवावी, कर्जाचा कागद कसा वाचावा, जामीन राहण्याआधी काय पाहावं, हे विचारता यावं. चहा माझ्याकडून. गावात एवढे पदवीधर असताना एखादी साधी ओळ कोणी सांगितली नाही, असं पुन्हा होऊ नये.

सरांचा हात डस्टरकडे गेला आहे, म्हणून आवरते.

आता मी पाचही नावं वाचणार आहे, ती माझी जुनी चाकरी. पण विद्यापीठात जे करता येत नाही ते आज करू. तिथे पाच-सात सेकंद मिळतात, इथे घाई नाही. मी नाव वाचलं की सत्कारमूर्तीने एकट्याने पुढे यायचं नाही. हिशेबाच्या जमा बाजूला ज्याचं नाव सगळ्यांत वर आहे, त्या माणसाचा हात धरून मंचावर आणायचं. आई असो, वडील असो, यजमान असो, आपल्या बाई असोत. ज्यांचा माणूस आज या जगात नाही, त्यांनी फक्त त्यांचं नाव मोठ्याने सांगायचं, आपण सगळे उभे राहू.

आणि टाळ्या दोघांसाठी वाजवायच्या, म्हणजे ताळा जमेल.